बंगलो म्हणजे बंगला नव्हे

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज ऐकला. "चार महिने घर बघतोयस, बायको बघायला तुला एवढे दिवस लागले नव्हते!" खरंय लेका. पण सांगलीत तू बांधतोस ती घरं साधारण एका वळणाची असतात. इथे एका गल्लीत तीन शतकं शेजारी-शेजारी उभी असतात. फोनवर हे जमलं नसतं, म्हणून पत्र.

पहिली फजिती शब्दाने केली. घरं दाखवणारी बाई फोनवर म्हणाली, "मस्त बंगलो आलाय." अश्विनी खूश! आपल्या डोक्यात बंगला म्हणजे फाटक, गच्ची आणि 'कुत्र्यापासून सावध राहा'. गेलो तर बैठं घर, पुढे उतरतं छप्पर, बुटके जाड खांब, आत दोन खोल्या नि स्वयंपाकघर. शब्द आपल्याकडचाच. बंगालातल्या गवती छपराच्या बैठ्या घराचा तो 'बंगला'. साहेबाने तो उचलला, बोटीवर चढवला, आणि १९०५ ते १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्याची लाटच आली. पासाडेनात अशा घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. म्हणजे अमेरिकेने त्याला बैठाच ठेवला; फुगवला आपण. त्या काळात सीअर्स कंपनी अशी घरं चक्क कॅटलॉगमधून विकायची, १९०८ ते १९४० पर्यंत. कापलेलं लाकूड, खिळे, रंग, सगळं नकाशासकट मालगाडीने यायचं, जुळवायचं आपण. अशी ७०,००० च्या आसपास घरं गेली म्हणतात. तुझा धंदा तिथे बसलाच असता.

पण मला झपाटलं ते डेडहॅमच्या फेअरबँक्स हाउसने. विकाऊ नाही रे, बघायला ठेवलंय. लाकडाचं वय तपासलं तर १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचं निघालं. उत्तर अमेरिकेत उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत सगळ्यांत जुनं हेच. दारातच कपाळमोक्ष होता होता वाचला. जमीन इतकी कललेली की गोटी ठेवली तर आपोआप पलीकडच्या भिंतीला जाईल. आणि घराच्या पोटात विटांचं अवाढव्य धुराडं! खोल्या त्याला बिलगून बसलेल्या, जशी थंडीत माणसं शेकोटीला. इथला जानेवारी अनुभवलास तर नकाशा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खिडक्या इवल्याशा, कारण काच महाग आणि ऊब त्याहून महाग. अशा घरांना जागा अपुरी पडली की मागचं पाखं तसंच खाली लांबवायचं: पुढून दुमजली, मागून छप्पर जमिनीला टेकायला आलेलं. जुन्या मिठाच्या लाकडी डब्यासारखं दिसतं म्हणून त्याला 'सॉल्टबॉक्स'च म्हणतात.

१८व्या शतकात पैसा आला आणि घराला तोंड धुऊन पावडर लावायची सवय लागली. दार बरोबर मधोमध, दोन्हीकडे मोजून तेवढ्याच खिडक्या. इंग्लंडच्या जॉर्ज राजांवरून 'जॉर्जियन'. स्वातंत्र्यानंतर तेच घर सडपातळ झालं, दारावर पंख्यासारखी काच आली. १८२० नंतर ग्रीक देवळांचं वेड. साध्या शेतकऱ्याच्या घरापुढेही पांढरे खांब. खांब बहुतेक लाकडाचे, आव संगमरवराचा! असो.

खरी उलथापालथ १८३० च्या दशकात शिकागोकडे झाली, आणि ती तुझ्या कामाची आहे. आधी जाड तुळयांना खाचा पाडून एकमेकींत बसवायचे. कसबी सुतार हवा आणि उचलायला सगळं गाव. मग गिरणीत कापलेल्या बारीक पट्ट्या नि कारखान्यातले स्वस्त खिळे आले, आणि दोन-चार माणसं घर उभं करू लागली. नावच 'बलून फ्रेम'. भिंतीवर टकटक केली तर पोकळ का वाजते, असं तू मागे विचारलं होतंस ना? पट्ट्यांच्या मध्ये कापसासारखं इन्सुलेशन, वर जिप्समचा पातळ बोर्ड, बस्स. सांगाडा हलका झाल्यावर शतकाच्या शेवटी बुरूज काय, कोनाडे काय, लाकडी झालरी काय, व्हिक्टोरियन हौसेला ऊत आला. पण पुढे ऐसपैस पोर्च होता, म्हणून त्या घरांना सगळं माफ.

आम्ही भाड्याने राहतो ते 'थ्री-डेकर'. गिरणीकामगारांसाठी बांधलेलं, एकावर एक तीन बिऱ्हाडं, म्हणजे चाळ उभी करून ठेवलेली. प्रत्येक मजल्याला मागे गॅलरी. खालची घानाची आजी तिथून हाक मारते नि अश्विनीला मिरच्या देते. अश्विनी दोरीला पिशवी बांधून खाली सोडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र गणितच बदललं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन नावाची घरांची वसाहत सुरू झाली. कामगारांची टोळी एकच काम करत घरामागून घर पुढे सरकायची, आणि ऐन भरात दिवसाला ३० घरं उभी व्हायची. एकूण १७,००० च्या वर. सैन्यातून परतलेल्यांना सरकारी हमीचं कर्ज. पण करारात कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. आमच्यासारख्यांना त्या दारात कुणी उभं केलं नसतं, हे घरं बघताना मधूनच आठवतं.

मग 'रँच' आलं, बैठं नि लांबलचक. घरात एसी आणि टीव्ही आल्यावर पोर्चवर बसायला उरलं कोण? तो गेला, पुढे गॅरेज आलं. आम्ही पाहिलेल्या एका नव्या घराला गॅरेजची तीन दारं होती आणि माणसांचं दार शोधावं लागलं. छपराला उतार तर इतके की मोजताना चुकलो. अश्विनी म्हणाली, "पाहुणे आले तर कळणार कसं?" तिथेच ते घर बाद झालं.

शेवटी ठरलं ते ऐक. १९५२ चं 'केप कॉड', दीड मजली. मूळ घाट जुन्या किनाऱ्यावरच्या घरांचा, पण हे मधल्या धुराड्याची नुसती आठवण ठेवून बांधलेलं. पुढे दोन पायऱ्या, की थेट हिरवळ. बसायला जागा नाही. तर तुझ्याकडे काम असं: मला एक पडवी काढून दे. आठ फूट रुंद, बसायला कट्टा, आणि बर्फ साठू नये इतका छपराला उतार. रस्त्यापासून किती जागा सोडायची याचे इथले नियम काढून पाठवतो. फी म्हणून तिकीट सोडून काहीही माग.

काकूंना नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की कळव.

तुझा,
मन्या