झडप रात्री बंद करू नकोस

प्रिय अनिल,

पत्र मिळालं. लाकडाची शेगडी बसवलीस, झकास! पण रात्री तिची हवेची झडप पक्की लावून झोपतोस म्हणजे लाकूड सकाळपर्यंत पुरतं, हे वाचलं आणि राहवेना.

अरे, हवा तोडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. तो अर्धकच्चा धूर धुराड्यात वर जाता जाता गार होतो आणि आतून डांबरासारखा चिकट थर धरतो. क्रिओसोट म्हणतात त्याला. तो साचत जातो आणि एखाद्या दिवशी मोठ्या जाळात पेटतो, मग आग थेट धुराड्यात. शेगडीच्या दाराची काच काळी पडते म्हणून कुरकुरतोस ना, तोच इशारा समज. काच निदान पुसता येते. धुराडं वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून झाडून घे. रात्री उगाच लाकडाची भर घालू नकोस, आहे ते नीट जळून विझू दे.

पेटवताना धूर घरात येतो, कारण थंड धुराड्यात गार हवा ठाण मांडून असते. ढलप्या उलट्या रच: तळाला जाड फोडी, त्यावर बारीक, सगळ्यात वर काटक्या आणि कागदाचे बोळे. झडप पूर्ण उघड आणि काडी वरून लाव. विचित्र वाटेल, पण धुराडं लवकर तापतं, ओढ धरतं आणि जाळ हळूहळू खाली उतरतो. तरीही अडलं तर पेटता कागद धुराड्याच्या तोंडाशी धर. रॉकेलचं नाव काढू नकोस.

लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. दोन फोडी एकमेकींवर आपट. सुकं लाकूड खणकन वाजतं, ओल्याचा नुसता थप्प आवाज येतो. ओलं असलं तर जळताना टोकाशी फेसही येतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड अजिबात घालायचं नाही, त्याचा धूर विषारी.

भर घालताना दार आधी बोटभर उघड, क्षणभर थांब, मग पुरतं. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घराबाहेर ठेव, गच्चीच्या लाकडी फळ्यांवर नको. राखेत दडलेला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना वास ना रंग, त्यामुळे त्याचा अलार्म हवाच. याच आठवड्यात बसव आणि मला कळव.

तुझा,
मिलिंद