भंग आणि भांग

प्रिय चिऊ,
जय भीम.

रविवारी तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून होतो. तू म्हणालीस, "हात टेबलावर होता, पण तो माझाच कशावरून, तेच सापडेना. बाबा, तुम्ही अनिच्च, अनत्त म्हणता ना, सगळं बदलतं, 'मी' असं काही नाही, तेच हे." खरं सांगू? आधी राग आला आणि मग हेवा वाटला. मी वीस वर्षं गुडघे मोडून बसतोय आणि तुला ते नेदरलँड्समध्ये, युट्रेक्टच्या दुकानातल्या ट्रफलच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या बुरशीच्या, डबीत मिळालं.

तुला खोटं ठरवायचं नाहीये मला, कारण मी हे पाहिलंय. इगतपुरीला माझ्या दुसऱ्या विपश्यना शिबिरात, सातव्या दिवशी, दुपारच्या अधिष्ठानात. एक तास हलायचं नाही. उजव्या घोट्यात सुरी खुपसल्यासारखं दुखत होतं आणि अचानक घोटा राहिलाच नाही. मग मांडी, पाठ, चेहरा. सगळीकडे नुसती बारीक थरथर, कढईत मोहरी तडतडावी तशी. 'मी' कुठे बसलोय, पत्ता नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या दिवशी सहायक आचार्यांना मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "बरं. आता हेही जाऊ द्या." इतका हिरमोड झाला!

विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या प्रवचनांत याला 'भंग' म्हणतात. भंग आणि भांग, एका कान्याचा फरक. पण गंमत पुढे आहे. पाली परंपरेत ज्ञानाच्या ज्या पायऱ्या सांगितल्यात, त्यांत भंगानंतर लगेच येतं ते भय. सगळं विरघळताना दिसलं की माणूस आधी घाबरतो. तिसऱ्या तासाला तू बाथरूमच्या फरशीवर बसून रडलीस, "मी परत येणारच नाही" असं वाटलं म्हणालीस, तेव्हा मला ती पायरी आठवली. तुला वेड लागलं नव्हतं, बाळा. फक्त, आम्हाला तिथे पोचायला सात दिवस लागतात, पहाटे चारची घंटा असते, विचारायला कुणीतरी असतं. तुझ्याजवळ रूममेट होती आणि तीही डबी खाऊन बसलेली.

तू पाठवलेला स्वित्झर्लंडचा २०१९चा अभ्यास वाचला. ३९ जण, सगळे मुरलेले साधक, पाच दिवसांचं ध्यानशिबिर, आणि त्यात निम्म्यांना एकदा सायलोसायबिन, म्हणजे तुझ्या ट्रफलमधलंच द्रव्य. त्यांचा 'मी' जास्त विरघळला आणि चार महिन्यांनीही फरक जाणवत होता. मी नाकारत नाही. पण तू त्यातला 'मुरलेले' हा शब्द ओलांडून गेलीस. आणि या नशेची आणि ध्यानाची ओळख जुनीच आहे. रिचर्ड अल्पर्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला सायलोसायबिनच्याच भानगडीत १९६३ मध्ये हार्वर्डने काढलं. तो 'राम दास' हे नाव घेऊन १९७०-७१च्या हिवाळ्यात बोधगयेला गोएंकांच्या शिबिरात बसला होता. त्या काळी तिथे आलेले कितीतरी गोरे तरुण असल्याच दारातून आलेले. दार खरं असेलही. पण ते लोक तिथे मांडी घालून बसले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता पाचवं शील. सुरामेरयमज्जपमादट्ठाना, म्हणजे बेहोश करणाऱ्या दारू-नशेपासून दूर राहायचं. तू वाद घालशील की ट्रफल म्हणजे दारू नव्हे आणि तू बेहोशही नव्हतीस. घाल, पालीत तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. पण आपल्या घरात हे शील धम्मपदातून आलेलं नाही. तुझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षाभूमीवर उभे होते. गिरणीत नोकरी, आणि पगाराच्या दिवशी पाकीट भट्टीवाल्याकडे आधी, आजीकडे नंतर. "मी दारू पिणार नाही" हे त्यांनी बाबासाहेबांच्या मागून म्हटलं आणि पुढचा पगार आजीने पहिल्यांदा स्वतः मोजला. दोनदा मोजला, असं ती सांगायची. म्हणून हे शील म्हणताना माझा आवाज जरा वर जातो, तुम्ही पोरं हसता तरी.

एक कबुली देतो. त्या सातव्या दिवसानंतर मी स्वतःला फार कुणीतरी समजायला लागलो होतो. शिबिर संपलं, इगतपुरी स्टेशनवर आलो आणि खिडकीच्या जागेवरून एका म्हाताऱ्या माणसाशी असा भांडलो की डबाभर लोक बघत होते. 'मी' नाही म्हणणाऱ्या माणसाला खिडकी हवी होती! तुझ्या बाबतीत मला तेच विचारायचंय. त्या रात्रीनंतरचा आठवडा कसा गेला? दादाशी दोन महिने बोलत नाहीयेस, त्याचं काय?

दिवाळीत येशील तेव्हा बॅगेत असलं काहीही आणू नकोस. तिथे दुकानात मिळतं, इथे अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात सरळ तुरुंग आहे. आणि पुन्हा घेणार असशील तर एकटीने नको, आधी मला सांग. मी ओरडेन, पण फोन उचलेन.

आईला एवढंच सांगितलंय की पोरीने ट्रफल खाल्लं. ती म्हणाली, "चॉकलेट कमी खा म्हणावं, दात किडतील."

तुझा,
बाबा