काचबिंदूचं लेझरही त्याच वेळी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही फोनवर "बघू" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचं "बघू" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून लिहायला बसले. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव आणि ते मधेच उठले तर खाली बसव.

मी डॉक्टरांना होकार कळवला आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हाच काचबिंदूसाठी आतून लेझर करायचं. सही तुमचीच लागणार आहे आणि तुमच्या मनाविरुद्ध कुणी डोळ्याला हात लावणार नाही. पण आधी माझं ऐकून घ्या.

"मोतीबिंदू काढा, दिसायला लागेल, बाकीचं राहू दे," असं तुम्ही म्हणता. बाबा, लेन्स बदलली की धूसरपणा जाईल, पण काचबिंदूने डोळ्याची नस जेवढी गेली तेवढी परत येत नाही. लेझरनेही नाही. हे सगळं आहे ते राखण्यासाठी. आत्याच्या काचबिंदूच्या वेळी आपण काय पाहिलं ते मी पुन्हा लिहीत नाही. तिला समोरचं शेवटपर्यंत नीट दिसत होतं, म्हणून कुणाला कळलंच नाही.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर जातं. तुमचं झालंय असं की मोरी तुंबली आहे आणि नळ मात्र पूर्वीइतकाच सुरू आहे. म्हणून डोळ्यातलं प्रेशर चढतं. मोतीबिंदू ज्या बारीक छेदातून काढतात त्यातूनच एक सुईसारखी नळी आत जाते. तिच्या टोकाला उजेड, कॅमेरा आणि लेझर. डोळ्यातल्या रंगीत पडद्यामागे पाणी तयार करणाऱ्या ज्या घड्या असतात, त्या डॉक्टर समोरच्या स्क्रीनवर बघत बघत लेझरने आक्रसवतात. पाणी कमी बनतं, प्रेशर उतरतं. वेगळा टाका नाही, पुन्हा भूल नाही, पुन्हा उपाशी राहणं नाही. मला तर हेच सगळ्यात पटलं. आणि एवढ्याने भागलं नाही, तर पुढे पाण्याला नवी वाट करून देणारं मोठं ऑपरेशन करता येतंच; ते दार बंद होत नाही.

ड्रॉप्स एकदम सुटतील असं मी म्हणणार नाही. कमी व्हावेत ही आशा आहे. त्यातल्या टिमोलोल या औषधाने तुमची नाडी आणखी मंदावते, आणि बाटली धरताना हात थरथरतो, निम्मं औषध गालावर जातं. आई रात्री चष्मा शोधून तुमच्या डोळ्यात थेंब घालते, ते बघून माझ्या पोटात कालवतं. मी तिथे असते तर मीच घातले असते.

धोका अजिबात नाही असं नाही. नंतर काही दिवस डोळा लाल राहील, आत सूज येऊ शकते, पहिल्या दिवशी प्रेशर वरही जाऊ शकतं. म्हणून तर दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही. दुखणार नाही, डोळा बधिर करतात. तुम्ही माझा हात धरून मला दात काढायला न्यायचात आणि "मी दारातच आहे" म्हणायचात, आठवतं? या वेळी दारात मी असेन. रजा टाकली आहे.

आता ऐका, यात घासाघीस नाही. लघवीच्या त्रासासाठी तुम्ही टॅमसुलोसिन घेता ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. त्याने ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला तो रंगीत पडदा ढिला पडतो, त्यांना आधी माहीत असलं की ते तयारीत राहतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. लेन्स साधीच, एका अंतराची घेऊ. जवळचं-लांबचं सगळं दाखवणारी महागडी लेन्स काचबिंदूत सहसा योग्य ठरत नाही, वाचायला चष्मा लागला तर लागू दे. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. एका औषधानंतर दुसरं पाच मिनिटांनी, आणि थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून ठेवायचा. काचबिंदूचे जुने ड्रॉप्स डॉक्टर सांगेपर्यंत बंद नाहीत, डाव्या डोळ्याचे तर मुळीच नाहीत. डोळा दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर रात्र असली तरी लगेच फोन. "सकाळी बघू" नको.

आई, तू काळजी करू नकोस. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून आणते, दाराला चिकटवू. आणि तुझेही डोळे त्याच दिवशी तपासून घेऊ. मी आणि दादाने आपले तपासून घेतले. घरात काचबिंदू असला की मुलांनी ते करायचंच असतं. आमचं प्रेशर ठीक आहे.

बाबा, अजूनही मनात काही असेल तर मला रागवा, पण तारीख पुढे ढकलू नका. जुने रिपोर्ट, विशेषतः दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचे, एका पिशवीत काढून ठेवा. मी आले की आधी तेच बघणार आहे.

तुमची,
लेक