गच्चीचे काम काढण्यापूर्वी

सोलापूर,
२० फेब्रुवारी

चि. सौ. रेवती हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा आणि त्यासोबतची छायाचित्रे मिळाली. फोनवर तू म्हणालीस की बाबा, आवडले की नाही एवढेच सांगा. पण एका शब्दात उत्तर द्यावे असा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. लाकडी डेक, त्याच्या कडेने हिरवळ आणि लोखंडी मांडवावर चढवलेला वेल पाहून तुझ्या आईला फार आनंद झाला, आणि मलाही झाला. घर बांधून सत्तावीस वर्षे झाली. या काळात आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी, वाळवण आणि उन्हाळ्यातली अंथरुणे यांखेरीज काही गेले नाही. तिथे काही चांगले करावे असे तुझ्या मनात आले याचे मला समाधान आहे. परंतु गच्चीवर काय मांडायचे हे ठरवण्याआधी तिच्यावरचे पाणी कोठून जाणार आणि तिच्यावर वजन किती येणार, हे ठरवावे लागते, आणि तुझ्या आराखड्यात नेमक्या याच दोन गोष्टी कोठे दिसल्या नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी मी टाकीचा नळ सोडून संपूर्ण गच्ची ओली केली आणि खडू घेऊन बसलो. पाणी पाइपाकडे निघाले खरे, पण वायव्येच्या कोपऱ्यात, कठड्यापासून दोन फुटांवर, ते थांबले. थांबलेल्या पाण्याच्या कडेने मी खडूची रेघ ओढली. तो आकार साधारण नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद भरला, आणि मध्यभागी बोटाचे पहिले पेर बुडेल एवढी खोली होती. फेब्रुवारीचे ऊन असूनही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पाणी तिथेच होते. आता सप्टेंबरात पाऊस सलग तीन दिवस पडला तर त्या कोपऱ्याखाली काय होत असेल, हे तुझ्या जुन्या खोलीच्या छताला आलेल्या पोपड्यांवरून समजते. खडूची रेघ मी मुद्दाम पुसलेली नाही. तू आल्यावर पाहावीस.

कोबा, म्हणजे पाणी अडवण्यासाठी स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल घालून केलेला थर, जुना झाला आहे आणि तो बदलावाच लागेल. एका ठेकेदाराने येऊन पाहिले आणि जुना कोबा तसाच ठेवून त्यावर नवा टाकू, खर्च वाचेल, असे सांगितले. मी त्याला स्पष्ट नकार दिला. आपली गच्ची साधारण हजार चौरस फुटांची आहे आणि सरासरी साडेचार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचे तिच्यावर आजच सुमारे वीस टन वजन आहे. त्यावर आणखी तेवढाच थर चढवायचा, तर त्या जादा वीस टनांचा विचार स्लॅब टाकताना कोणीच केलेला नव्हता.

थरावर थर चढवण्याची ही सवय आपल्या भागात जुनी आहे. भवानी पेठेतल्या आमच्या घराला माळवद होते. लाकडी तुळयांवर किलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी चिकट माती. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी माझे वडील आणि काका वर जाऊन मातीचा नवा थर देत, तो चोपून पन्हळीकडे उतार काढत आणि म्हणत की आता वर्षाची काळजी मिटली. खाली घर गार राही, यात शंका नाही. पण दरवर्षीची माती आधीच्या मातीवर पडत होती. तिचा अर्थ मला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर समजला. किल्लारीच्या त्या भूकंपाने सोलापुरातही आम्ही सारे दचकून रस्त्यावर आलो होतो, आणि पुढे मी पुनर्वसनाच्या कामावर औसा तालुक्यात सात महिने राहिलो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या साठलेली माती, असे जे घर होते ते झोपलेल्या माणसांवर आले. एका पडलेल्या छताच्या कडेला मातीचे थर वेगवेगळ्या रंगांत स्पष्ट दिसत होते. ते पाहिल्यापासून कोणाच्याही डोक्यावर विनाकारण वजन चढवताना माझा हात थांबतो.

म्हणूनच हिरवळीविषयी मला तुला नाराज करावे लागत आहे. तू दहा फूट बाय वीस फुटांची हिरवळ दाखवली आहेस. तिच्यासाठी सहा इंच माती घेतली आणि ती ओली धरली, तर एकट्या मातीचे वजन पाच टनांच्या आसपास जाते. माणसांची ये-जा असणाऱ्या गच्चीसाठी हिशेबात साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. ओली माती एकटीच त्याच्या पावणेदोन पटींच्या घरात जाते, आणि माणसे, खुर्च्या, कुंड्या यांना काहीच उरत नाही. शिवाय आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्यात राहून तू विसरली नसशील. उजनी धरणाचे पाणी साठवून ते हिरवळीवर घालावे, हे माझ्या मनाला पटत नाही. त्याऐवजी कुंड्या ठेवू, आणि त्या बीमच्या, म्हणजे स्लॅबखालच्या काँक्रीटच्या तुळयांच्या, रेषेवर ठेवू. मोगरा, जाई, कढीपत्ता, आईची तुळस, एवढे त्यात उत्तम येईल.

आता एक गोष्ट सांगतो, जिचे वाईट मला आजही वाटते. तू दहावीत असताना वाळवणासाठी पत्र्याची छोटी शेड करावी म्हणून मी एका कारागिराला बोलावले. त्याने खांब उभे करण्यासाठी कोब्यात ड्रिलने सोळा भोके पाडून बोल्ट ठोकले. मी तिथे उभा होतो. बांधकामातला माणूस असून मी त्याला थांबवले नाही, कारण शेड दोन दिवसांत हवी होती. पुढच्या पावसाळ्यात तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर पाणी ठिबकू लागले आणि तुझी वही भिजली. तू ती पंख्याखाली पानापानाने वाळवत बसली होतीस. आम्ही खालून छताला तीनदा गिलावा केला. पाणी मात्र बोल्टांतून शिरून विटांच्या पोकळीतून फिरत फिरत दहा फूट लांब उतरत होते, त्यामुळे ओल दिसे एका जागी आणि दोष असे दुसऱ्याच जागी. तेव्हा नव्या कोब्याला कोणत्याही कारणाने भोक पाडायचे नाही, मग ते मांडवासाठी असो वा दिव्यांच्या वायरीसाठी. पाइप, वायरी आणि खांब यांच्या जागा कोबा टाकण्यापूर्वी पक्क्या झाल्या पाहिजेत.

कामाचा क्रम मी असा ठरवला आहे. जुना कोबा अर्धा अर्धा करून छिन्नी-हातोड्याने काढायचा. ब्रेकर लावू द्यायचा नाही, कारण त्याचे हादरे स्लॅबला लागतात. मग स्लॅब ब्रशने धुऊन भेगा भरायच्या, सिमेंटची पातळ स्लरी द्यायची आणि वाळू-सिमेंटच्या मालाचा थर पसरून त्यात विटांचे तुकडे उभे बसवायचे. विटा आदल्या रात्री पिंपात बुडवून ठेवाव्या लागतात. कोरडी वीट पाण्यात टाकली की तिच्यातून बुडबुड्यांची बारीक रांग निघते आणि कितीतरी वेळ निघत राहते. ती थांबली म्हणजे वीट तृप्त झाली. तशी न भिजवलेली वीट मालातले पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. ही साधी गोष्ट घाईत टाळली जाते, म्हणून पिंपाजवळ मी स्वतः बसणार आहे. कोबा आणि कठडा यांच्या सांध्यात काटकोन न ठेवता वाटा, म्हणजे मालाची गोलाई, काढून घ्यायचा, कारण बहुतेक गळती त्या सांध्यातूनच होते. शेवटी सात दिवस पाणी तुंबवून ठेवायचे आणि खालच्या प्रत्येक खोलीचे छत रोज पाहायचे.

उतार शंभराला एक, म्हणजे पंचवीस फुटांत तीन इंच. तो गवंड्याच्या नजरेवर न सोडता पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन जागोजागी उंची दाखवणारे मालाचे ठिपके बांधून घ्यायचे. सध्या चार इंची एकच पाइप आहे. मला दोन हवेत. शेजारच्या कडुलिंबाची पाने या दिवसांत किती गळतात ते तुला माहीत आहे, आणि ऑक्टोबर २०२० च्या मोठ्या पावसात एकाच पाइपाची जाळी पानांनी बुजल्यामुळे रात्री दोन वाजता मला कमरेत वाकून ती मोकळी करावी लागली होती. शिवाय कठड्यात, फरशीपासून दोन इंच उंचीवर, माळवदाला असे तशी एक पन्हळ ठेवायची, म्हणजे दोन्ही पाइप बुजले तरी पाणी घरात न शिरता बाहेर पडेल. एका पाइपाचे पाणी गाळून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडू. आपल्याकडे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस फुटांवरून चाळीस हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळते. ते गटारात जाऊ देणे योग्य नव्हे.

वरच्या थराला तू गडद राखाडी फरशी सुचवली आहेस. शहाबादी फरशी मला मनापासून आवडते, पण अंगणात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा गडद दगड दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते सोडत राहतो. पांढऱ्या टाइलांच्या तुकड्यांचे चायना मोझॅक ऊन परतवते, संध्याकाळी दोन बादल्या पाणी शिंपडले की लवकर निवते, आणि आठ-नऊ वाजता त्यावर सतरंजी आणि चादरी घालून निजता येते. दुपारी डोळ्यांवर थोडी तिरीप येईल, एवढाच तोटा. ईशानला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे आहे ना, मग फरशी त्याच्या पाठीच्या सोयीची हवी.

लाकडी डेक संपूर्ण गच्चीवर नको. इथल्या उन्हात फळी वाकते, वाळवीची भीती असते, दरवर्षी तेल द्यावे लागते. आणि सर्वांत मोठा दोष असा की फळ्यांखाली पाला अडकून पाणी तुंबले तरी ते वरून दिसत नाही. पण तुझी हौस मोडावी असेही मला वाटत नाही. आठ फूट बाय दहा फुटांच्या जागेत, सावलीखाली, हाताने उचलता येतील अशा फळ्यांच्या चौकटी करू. पावसाळ्यापूर्वी त्या उचलून जिन्याच्या खोलीत रचून ठेवता येतील.

सावलीसाठी मला एक उपाय सुचला आहे, आणि तो तुला आवडेल अशी आशा आहे. पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून कॉलमच्या सळया आपण वर सोडल्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्या हलक्या काँक्रीटने झाकल्या होत्या. दक्षिणेकडच्या चार कॉलमांवर ठोकळे बांधून त्यांवर लोखंडी मांडव उभा करावा आणि वेलाऐवजी त्यावर सौर पॅनेल बसवावीत. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. वीज मिळेल, खाली बसायला सावली मिळेल आणि त्याखालच्या खोल्यांचे छतही फारसे तापणार नाही. मात्र वळवाचा वारा पॅनेल खालून उचलतो, म्हणून त्या सांगाड्याचे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेतल्याशिवाय मी एकही खांब उभा करू देणार नाही. सळया आतून किती शाबूत आहेत हेही त्यालाच पाहू दे, आणि महापालिकेची परवानगी लागते का याची चौकशी मी करतो.

कठड्याला लागून तू बसायचा ओटा दाखवला आहेस. तो तिथे अजिबात नको. कठडा साडेतीन फुटांचा आहे. दीड फुटाच्या ओट्यावर ईशान उभा राहिला की त्याच्यापुढे फक्त दोन फुटांचा कठडा उरतो. ओटा जिन्याच्या खोलीच्या भिंतीला लागून बांधू. आईची मागणी एवढीच आहे की तिथे एक नळ असावा, कुरडया आणि मिरच्या वाळवायला भर उन्हातली स्वच्छ जागा मोकळी राहावी, आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा. तिचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, ही गोष्ट ती तुला फोनवर सांगत नाही.

पाडव्यानंतर लगेच काम सुरू केले तर मेच्या मध्यापर्यंत कोबा आणि पाणी तुंबवण्याची चाचणी पुरी होईल आणि मृगापूर्वी हातात पंधरा-वीस दिवस राहतील. त्या उन्हात कोबा सतत ओला ठेवावा लागेल, म्हणून बोअरची मोटर मी आत्ताच दुरुस्त करून घेतली आहे. बीमच्या रेषा मी गच्चीवर निळ्या खडूने आखून ठेवल्या आहेत आणि त्यांची मापे याच पत्रामागच्या कागदावर लिहिली आहेत. त्यांवर कुंड्या, ओटा आणि तुझ्या फळ्या बसवून आराखडा पुन्हा काढ. दुसऱ्या पाइपाची जागा तेवढी मला लवकर कळव, कारण गवंडी पहिल्या दिवशी तेच विचारणार आहे. येत्या शनिवारी-रविवारी जमत असेल तर सकाळच्या गाडीने ये. पुन्हा एकदा नळ सोडून दोघे मिळून पाहू.

जावईबापूंना नमस्कार, ईशानला आशीर्वाद.

तुझे,
बाबा