अंदमानला निघण्यापूर्वी

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न.

दिवसभर लोकांच्या सहली आखून देणारी मुलगी घरात असताना तुम्ही ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर अंदमानचं बुकिंग परस्पर करून मोकळे झालात! असो. कार्यक्रम वाचला. पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक दोन, नील एक आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र पाहून जीव भांड्यात पडला. तिथे विमान चुकतं ते बोटीमुळे. वारा वाढला की बेटांमधल्या बोटी बंद होतात. २०१६च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे हॅवलॉकवर पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदल धावलं होतं. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो, पण बोट रद्द झालीच तर टूर मॅनेजरच्या हातात काही नसतं. तेव्हा बाबा, संघातल्या मंडळींबरोबर त्याच्यावर तुटून पडू नका.

पाट्यांवरची नावं वेगळी दिसतील. २०१८पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालंय; २०२४मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलण्यात जुनीच नावं चालतात.

आता घड्याळ. ग्रुप टूरचं ‘सहा-सात-आठ’ तुम्हाला पाठ आहे: सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. अंदमानात ते बऱ्याचदा चार-पाच-सहा होतं. ही बेटं आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. फेब्रुवारीत तिथे पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. आपल्याकडे त्या वेळी बाबांचा दुसरा चहा चाललेला असतो. हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा पश्चिमेकडे आहे, सूर्यास्तासाठीच तिथे नेतात. चारपर्यंत पोचलात तरच उजेडात पाण्यात पाय बुडवून होतील. दुपारी हॉटेलवर लांबलचक वामकुक्षी नको.

आई, या वेळापत्रकाचा खरा त्रास तुझ्या शुगरला. पहाटेच्या बोटीच्या दिवशी हॉटेल नाश्ता डब्यात बांधून देतं आणि तो हातात पडतो जेट्टीवर, कधी कधी तासाभराने. तू सवयीने उठल्या उठल्या गोळी घेऊन बसलीस तर मधल्या वेळात साखर खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि सगळे म्हणणार ‘बोट लागली’. नाश्त्याआधीची गोळी डबा हातात आल्यावरच घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून माझ्याकडून कागदावर लिहून घे. पर्समध्ये भाजके चणे आणि खाकरा असू दे, शिवाय ग्लुकोजची पुडी वेगळी. औषधं सगळी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाहीत. बॅग विमानात मागे राहू शकते आणि बोटीवर सामान वेगळं ठेवतात, मध्येच उठून काढता येत नाही. पोर्ट ब्लेअरला गोविंद वल्लभ पंत हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. हॅवलॉक, नीलला प्राथमिक उपचार मिळतात, पण तुझ्या नेमक्या ब्रँडची गोळी मिळेलच असं नाही. चार दिवसांची जास्तीची ने.

बोट लागण्याबद्दल. हॅवलॉकच्या खाजगी बोटी बंदिस्त आणि वातानुकूलित असतात, दीड ते अडीच तास लागतात. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडी मागे घ्या. पुढच्या टोकाशी बोट सर्वांत जास्त आपटते, आणि ‘पुढून छान दिसेल’ म्हणून सगळे तिकडेच पळतात. नजर लांब क्षितिजावर ठेवायची; बाबा, मोबाइल आणि शब्दकोडं दोन्ही बंद. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको: दोन इडल्या किंवा ब्रेड, वर आल्याची वडी. ग्रुपमध्ये कोणीतरी अ‍ॅव्होमिनची पट्टी फिरवतंच. बाबा, ती तुम्ही घ्यायची नाही. प्रोस्टेट वाढलेलं असताना तिने लघवी तुंबू शकते, आणि या वयात गुंगी येऊन तोल जातो तो वेगळाच. तुम्हाला चालेल अशी गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊ. ती उलटी सुरू झाल्यावर नाही, बोट सुटण्याआधी साधारण तासभर घ्यायची असते.

चढता-उतरताना फळी हलते. दोन्ही हात मोकळे ठेवा, खलाशी हात पुढे करतो तो संकोच न करता धरा. मूळ ओळखपत्र गळ्यातल्या पाकिटात असू दे, जेट्टीवर बॅग उपसत बसायला नको.

सेल्युलर जेलला बाबांचा जीव अडकलाय, ते ठाऊक आहे. १९०६मध्ये बांधून पुरा झालेला हा तुरुंग मधल्या मनोऱ्याभोवती सात रांगांचा होता. आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे जिने चढून जावं लागतं. मराठी ग्रुप आला की तिथे गर्दी होते, गाणी म्हणतात, डोळे पुसतात, सगळे एकदमच. तुम्ही थोडं मागे राहा, लोंढा उतरला की आत जाऊन निवांत उभे राहा. साधारण साडेतेरा फूट बाय सात फूट, उजेडाला फक्त पाठच्या भिंतीत उंचावर एक झरोका. १९११ ते १९२१ ते या बेटावर होते. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. खाली अंगणात तेलाचा कोलू मांडलाय, तो बघूनच बाहेर या. आईचे गुडघे ऐकत नसतील तर तिने खालीच पिंपळाच्या सावलीत बसावं. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम खुर्चीवर बसूनच बघायचा असतो, त्यात सारा इतिहास येतो. हिंदी खेळाचं तिकीट आहे ना, तेवढं विचारून घ्या.

नीलवर नैसर्गिक दगडी कमान दाखवतात. तिथवर वाट खडकांवरून, शेवाळावरून, आणि तीही फक्त ओहोटीला. आई, तुझा कोकणातला हिशेब, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, इथे लावू नकोस. भरतीची घटका किनाऱ्यागणिक वेगळी असते. रोज साधारण पन्नास मिनिटांनी ती पुढे सरकते एवढंच दोन्हीकडे सारखं. खरं सांगू? तुझ्या गुडघ्यांना ही वाट नको. लक्ष्मणपूरच्या वाळूत बस, शहाळं पी.

पाण्यात जायचं तर गुडघ्यापर्यंतच आणि लाटेला अंगाची बाजू द्यायची. फोटोसाठी समुद्राकडे पाठ केली की मागून आलेली लाट पाय उचलते. तुमच्या वयाची माणसं पडतात ती अशीच. साडी नको, भिजली की पायांना गुंडाळते. सलवार किंवा ट्रॅकपँट, आणि पायात मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल. आई, वाळूतही अनवाणी नाही. शुगरमुळे तुझ्या तळव्यांना पोवळ्याने कापलेलं कळणारसुद्धा नाही. रोज रात्री बाबांनी चष्मा लावून तुझे तळवे बघायचे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे फलक असेल किंवा जीवरक्षक ‘नको’ म्हणेल तिथे घोटासुद्धा भिजवू नका.

स्नॉर्केलिंग आणि सी-वॉक दोघांनीही सोडा. सी-वॉकमध्ये डोक्यावर शिरस्त्राण घालून शिडीने तळाशी उतरवतात, कानांवर दाब येतो. पोवळी बघायला तळाला काच असलेली बोट पुरते. दुपारपेक्षा सकाळी पाणी नितळ असतं.

शेवटचं, ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेलं बाराटांग. पैसे भरू नका. पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, मग फेरी, मग छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत झाडांच्या मुळांवरून चाल. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं सगळं कायद्याने बंद, तरी ‘दिसले का, दिसले का’ करत खिडकीला नाक लावून बसणारे असतात. मला तो प्रवास पटत नाही. त्या दिवशी रॉसवर जा: पडक्या इंग्रजी इमारती, त्यांना विळखा घातलेली मुळं आणि माणसाला न बुजणारी हरणं.

शंखशिंपले, पोवळ्याचा तुकडा, अगदी मेलेला असला तरी, पिशवीत घालू नका. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामानात सापडलं तर काढून घेतात आणि वर चौकशी. शोभेची वस्तू हवीच असेल तर ‘सागरिका’ या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

हॅवलॉक-नीलला मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नका, मीही घाबरणार नाही. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा. डॉक्टरांची वेळ मी शनिवारी सकाळी घेतली आहे, दोघांच्याही औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन या.

तुमची,
मनू