अनोळखी अ‍ॅम्पवर पण गिटार चांगली वाजते, पोरांना दहा मिनिटं द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले, मग नवरात्र, मग कॉलेजांचे युवक महोत्सव अन् गॅदरिंग, अन् तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, म्हणजे भुसावळ-जळगावपासून अमळनेर, धुळे, दोंडाईचा, पार शहाद्यापर्यंत आता स्टेज लागत राहणार. अन् दरवर्षी कार्यक्रम संपला की लोकांचं एकच ऐकू येतं, गायक चांगला होता, ढोलकी मस्त होती पण ती गिटार नुसती करकर करत होती. कुणी म्हणतं पोराला वाजवता येत नाही, कुणी म्हणतं साउंडवाल्याचा बॉक्स भंगार आहे. मला मनापासून वाटतं की बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. पोरगा घरी तेच गाणं सुंदर वाजवतो अन् तोच बॉक्स दुसऱ्याच्या हातात गोड वाजतो. अडचण एवढीच की त्या दोघांची ओळखच झालेली नसते अन् ओळख करून घ्यायला कुणी वेळ देत नाही. हे आयोजकांनी पण वाचावं अन् वाजवणाऱ्या पोरांनी पण, म्हणून लिहितोय.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडचा गिटारवाला स्वतःचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा बॉक्स, घेऊन येऊच शकत नाही. चोपड्याहून नाहीतर शिरपूरहून पोरगं एसटीने येतं, पाठीवर गिटारची बॅग, हातात प्रोसेसर नाहीतर दोन पेडल, म्हणजे आवाज बदलायच्या छोट्या पेट्या. फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्प ३० किलोच्या आसपास भरतो, तो काय एसटीत नेणार का. मग तिथं जे असेल ते. कुठे स्ट्रेंजरचा क्यूब, कुठे मार्शलचा छोटा ट्रान्झिस्टरवाला, मोठा कार्यक्रम असला तर रोलंडचा जेसी-१२० जो १९७५ पासून जगभरच्या स्टेजवर दिसतो, कुठे कीबोर्डचा अ‍ॅम्प, अन् बऱ्याच ठिकाणी काहीच नाही, वायर सरळ मिक्सरमधे.

पोरं काय करतात, घरच्या अ‍ॅम्पचे आकडे पाठ करून येतात अन् तेच नवीन अ‍ॅम्पवर लावतात, नाहीतर सगळे नॉब मधोमध ठेवतात की बाबा मधे म्हणजे सेफ. मधे म्हणजे सेफ नसतं! फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांच्या जुन्या पद्धतीच्या सर्किटमधे बेस (खालचे सूर), मिड (मधले), ट्रेबल (वरचे) हे नॉब फक्त आवाजातून काढून घ्यायचं काम करतात, घालायचं नाही, अन् एक फिरवला की दुसऱ्याचा पण परिणाम बदलतो. फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पवर तिन्ही नॉब मधे ठेवले तर मिडला चांगलाच खड्डा पडलेला असतो. सपाट आवाजाच्या जवळ जायचं तर बेस अन् ट्रेबल बरेच खाली अन् मिड जवळजवळ फुल ठेवावा लागतो, जे बघायला एकदम चुकीचं दिसतं. पण आता येणाऱ्या पुष्कळ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधे मधोमध म्हणजे खरंच सपाट असतं, तिथून वर नेलं की वाढतं, खाली नेलं की कमी होतं. आपल्यासमोर कोणता आहे हे ओळखायची सोपी पद्धत आहे, तिन्ही टोन नॉब शून्यावर आणून एक कॉर्ड वाजवा. आवाज जवळजवळ गायबच झाला तर तो जुन्या पद्धतीचा, अन् नुसता दबला पण चालू राहिला तर दुसऱ्या पद्धतीचा. अर्धं मिनिट लागतं याला. अन् व्हॉक्सवर कट नावाचा नॉब दिसला तर तो उलटा चालतो, वाढवला की ट्रेबल कमी होतो.

दुसरी गोष्ट घरच्या सेटिंगची, अन् माझ्या मते निम्म्या स्टेजांचा आवाज इथंच बिघडतो. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेच्या फ्लेचर अन् मन्सन या दोघांनी १९३३ मधे दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे अन् वरचे सूर कमी ऐकू येतात अन् आवाज वाढला की तेच सूर भरून येतात. घरी आईबाबा झोपलेले असतात म्हणून पोरगं हळू आवाजात वाजवतं, मग आवाज भरल्यासारखा वाटावा म्हणून बेस वाढवतं, ट्रेबल वाढवतं, मिड काढून टाकतं, अन् एकट्याने ऐकायला ते खरंच भारी वाटतं. तेच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात लावलं की बेस घुमतो, ट्रेबल कानात घुसतो अन् गिटारचा जो मेन आवाज तो कुठेच सापडत नाही. त्यात बाकीची वाद्यं बघा. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, बेस गिटारची ४१ ला, त्याच भागात ढोलकीचा धुमा, ऑक्टापॅडचा किक, कीबोर्डवाल्याचा डावा हात. तिथं गिटारने गर्दी करून काय मिळणार? गिटारची जागा मधे आहे. म्हणून बेस कमी, मिड वर. एकट्याने वाजवलं तर हे थोडं पातळ वाटेल, वाटू द्या, टोन ठरवायचा तो सगळा बँड वाजत असताना.

आपल्या स्पर्धांमधे आधीच्या टीमचं सेटिंग तसंच सोडलेलं असतं अन् मधे पाच मिनिटं मिळतात, त्यामुळं मी शिकवतो त्या पोरांना एकच क्रम सांगतो. जॅक लावायच्या आधी व्हॉल्यूम शून्य. रिव्हर्ब (घुमारा), कोरस, जे काही इफेक्ट असतील ते बंद. गेन, म्हणजे आवाज किती फाटका करायचा तो नॉब, घरापेक्षा कमी. बेस खाली, मिड अर्ध्याच्या वर, ट्रेबल अर्ध्याच्या थोडा खाली. मग पेडल न लावता नुसती गिटार, अन् आधी व्हॉल्यूम बँडच्या लेव्हलला आणायचा, टोनला त्यानंतर हात लावायचा, कारण व्हॉल्यूम बदलला की टोन बदलतो हे वर सांगितलंच. मग बेस हळूहळू वाढवत न्यायचा, घुमायला लागला की थोडा मागे घ्यायचा, ट्रेबलचं पण तसंच, बोचायला लागला की मागे. साधा आवाज जमला की मगच पेडल. गेनबद्दल मी जरा हट्टी आहे, डिस्टॉर्शन (आवाजाचं फाटणं) जास्त असलं की पिकचा फटका दबतो अन् बँडमधे नुसता गोंगाट राहतो, कमी गेनवर तीच रिफ शेवटच्या रांगेत स्पष्ट जाते.

अन् कृपा करून अ‍ॅम्पच्या पुढे जाऊन ऐका. १२ इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चसारखा सरळ पुढे जातो. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला अन् पोरगं समोर दोन पावलांवर उभं असलं तर ट्रेबल त्याच्या गुडघ्याजवळून निघून जातो, त्याला वाटतं आवाज दबलाय, तो ट्रेबल वाढवतो, अन् पहिल्या रांगेतल्या मावशी कानावर हात ठेवतात, ‘कमी कर ना भो, कान फुटी जातीन.’ मंडपवाल्याची एक लोखंडी खुर्ची घ्या, अ‍ॅम्प तिच्यावर ठेवा नाहीतर मागे कलता करा म्हणजे त्याचं तोंड आपल्या कानाकडे येईल. लांब वायर असेल तर वाजवत खाली तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत जाऊन या, नसेल तर मित्राला वाजवायला लावा अन् तुम्ही जाऊन ऐका.

जागेप्रमाणे पण फरक पडतो. पत्र्याचं मंगल कार्यालय असलं तर तिथला घुमारा एवढा असतो की रिव्हर्ब शून्यच ठेवायचा. उघड्या लॉन्सवर भिंतीच नाहीत, बेस निघून जातो, तिथं थोडा वाढवला तरी चालतं. बंद हॉलमधे दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर आवाज चकचकीत वाटतो अन् संध्याकाळी माणसं भरली की माणसं अन् त्यांचे कपडे ट्रेबल पिऊन टाकतात, म्हणून साउंड चेकला जरा तीक्ष्ण वाटलं तर घाबरून लगेच कमी करू नका.

साउंडवाल्या भाऊंना पण एक विनंती. गिटार ऐकू येत नाही म्हटलं की अ‍ॅम्प फुल करायला सांगू नका. ४० वॅटच्या जागी ८० वॅट आणलं तरी फरक फक्त ३ डेसिबलचा, दुप्पट मोठा आवाज वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा अ‍ॅम्पच्या जाळीजवळ एक माइक लावा. शुअरचा एसएम५७ याच कामासाठी ओळखला जातो, १९६५ पासून चालू आहे, नसला तर चांगला साधा व्होकल माइक पण चालतो. माइक स्पीकरच्या बरोबर मधे धरला तर आवाज धारदार, कडेला सरकवला तर मऊ, म्हणजे मिक्सरला हात न लावता निम्मा टोन इथंच बनतो.

अ‍ॅम्प नसेल अन् सरळ मिक्सरमधे जायचं असेल तर प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू करा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर येऊच देत नाही, पण पीएच्या, म्हणजे लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरच्या, बॉक्सला वरच्या सुरांचा हॉर्न असतो, तो डिस्टॉर्शनची सगळी किरकिर बाहेर फेकतो. कीबोर्डच्या अ‍ॅम्पला पण बहुतेक वेळा ट्वीटर असतो, तिथं पण तेच. अन् उलट, समोर खरा गिटार अ‍ॅम्प असला तर तेच सिम्युलेशन बंद करायचं, नाहीतर आवाज गोधडीखाली गेल्यासारखा येतो. अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट लूपचं रिटर्न नावाचं जॅकचं भोक असेल तर प्रोसेसर सरळ तिथं लावून बघा, अ‍ॅम्पचा पुढचा भागच बाजूला पडतो अन् आवाज पुष्कळ ओळखीचा होतो.

आता जे सगळ्यात महत्वाचं, अर्थिंग. स्टेजवर अर्थ पिन मोडलेला प्लग, दोन पिनची एक्स्टेंशन, बाहेर अर्थ न केलेला जनरेटर, हे मी आपल्या भागात खूप ठिकाणी बघतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात अन् माइकची जाळी मिक्सरच्या. दोघांपैकी एकाचा जरी अर्थ बिघडलेला असला अन् पोरगं तारांवर हात ठेवून गायला माइकला ओठ लावतं, तर करंट त्याच्या अंगातून जातो. जगात यात वाजवणारी माणसं मेलेली आहेत साहेब. गुणगुण येते म्हणून अर्थ पिन काढायची हा उपाय कधीच नाही, त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडायची छोटी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक तारांना अन् दुसरं माइकच्या जाळीला लावा, व्होल्टेज दिसलं तर इलेक्ट्रिशियन येऊन दुरुस्त करेपर्यंत कुणीही वाजवू नये. स्टेजच्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, लावला तर फारच चांगलं. अन् डेकोरेशनवाल्यांनी अ‍ॅम्पवर झालर टाकू नये, मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते, आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तर तो बंद पडायला वेळ लागत नाही.

हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात, पण ती मिळत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, ठराविक सणाचे दिवस सोडून, अन् ते बरोबरच आहे, पण पाहुणे उशिरा येतात, हारतुरे, सत्कार, भाषणं लांबतात अन् वेळ कापला जातो तो साउंड चेकचा. माझं मंडळांना अन् कॉलेजांच्या सांस्कृतिक विभागांना एवढंच मागणं आहे की अ‍ॅम्प कोणता आहे ते त्याच्या फोटोसकट आदल्या दिवशी वाजवणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, फोटोवरून पोरगं घरीच मॅन्युअल शोधून तयारीला लागेल. पाहुणे यायच्या आधी गिटारवाल्याला अ‍ॅम्पजवळ दहा मिनिटं द्या, अन् ती कार्यक्रमपत्रिकेत लिहा, लिहिली नाहीत तर मिळत नाहीत. स्पर्धा असली तर प्रत्येक टीमच्या ठरलेल्या वेळेत अ‍ॅम्प लावायचा वेळ धरू नका. आमच्या अमळनेर-चोपडा भागात असं कुठे ठरलं तर मी मल्टीमीटर घेऊन स्वतः यायला तयार आहे, पैसे नकोत.

पत्र गणपतीच्या आधी छापता आलं तर बरं होईल, मंडळांच्या मीटिंगा आत्ताच चालू आहेत.

आपला,
एक गिटारवादक अन् शिकवणारा, अमळनेर, जि. जळगाव