शिबिरातली पीपीटी ग्रुपवर टाकण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रावेर-यावल पट्ट्यात केळीवरचं शिबिर असलं की उठताना एक मागणी ठरलेली: "साहेब, तेवढी पीपीटी ग्रुपवर टाका." साहेब मोठ्या मनाने टाकतातही. पण पडद्यावर दाखवायला केलेली फाईल जशीच्या तशी लोकांच्या हाती देऊ नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. गावातल्या शेतकरी गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळते, त्यामुळे फाईल उघडत नाही की फोन मलाच येतो.

अजूनही काही जण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट ज्या फोनमध्ये नाही तिथे 'करपा' या रोगाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांची रांग दिसते. मंगल, मुक्ता असा कुठलाही युनिकोड फॉन्ट वापरावा आणि पाठवताना पीडीएफ करावी, म्हणजे अक्षरं हलत नाहीत. एक मात्र बघावं: ॲनिमेशनने एकावर एक येणारे फोटो पीडीएफमध्ये एकमेकांवर चढतात आणि खालचे झाकले जातात. असे फोटो आधीच वेगवेगळ्या स्लाइडवर घ्यावेत.

फोटोंमुळे फाईल जड होते, म्हणून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' वापरतात. चांगलंच आहे. पण तिथे 96 पीपीआयचा, म्हणजे फोटोची स्पष्टता फार कमी करणारा, पर्याय निवडला तर पानावरचे बारीक पट्टे पुसट होतात. आमच्यासाठी तेच तर महत्त्वाचे. सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूजन्य रोग, ज्याला आपण हरण्या म्हणतो, त्याचे पिवळे पट्टे आणि करप्याचे ठिपके यांतला फरक शेतकऱ्याने फोटो मोठा करून ओळखायचा असतो. करप्याला फवारणी आहे. हरण्याचं झाड उपटून नष्टच करावं लागतं. अशा फोटोंना निदान 150 ठेवावं, आणि शोभेचे फोटो काढूनच टाकावेत.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे ते. ठिबकच्या अनुदानाचा साधा आलेख असलेली एक पीपीटी आमच्या ग्रुपवर आली होती. एका मुलाने लॅपटॉपवर त्या आलेखावर 'एडिट डेटा' केलं, तर मागची अख्खी एक्सेल उघडली: लाभार्थ्यांची नावं, मोबाईल नंबर, बँक खाती. मी फाईल काढून टाकली, पण तोवर ती पुढे गेली होती. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. एक्सेलमधला आलेख चिकटवताना वर्कबुक सोबत घेण्याचा पर्याय निवडला गेला, तर दिसतो तेवढा आलेखच नाही, सगळी वर्कबुक फाईलमध्ये बसते, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून आलेख चित्र म्हणून चिकटवावा. फोटोचंही तसंच: सातबाऱ्याचा किंवा आधारकार्डाचा फोटो कापून छोटा केला तरी कापलेला भाग आत राहतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्येच कापलेले भाग काढण्याची खूण आहे, ती करावी. नको असलेला भाग नुसता पांढऱ्या चौकोनाने झाकला असेल तर चौकोन सरकवला की सगळं उघडं. वक्त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या नोट्स, लपवलेल्या स्लाइड, कॉमेंट याही पीपीटीबरोबर जातात. फाईलची प्रत करून 'इन्फो'मधलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवलं की यातलं बरंच सापडतं. प्रतीवरच करावं, कारण काढलेलं दरवेळी परत आणता येत नाही. आलेखामागची शीट मात्र त्याने जाईल यावर विसंबू नये.

आणि औषधाचं प्रमाण तोंडी सांगितलं असेल तर ते स्लाइडवर लिहा. जो शिबिराला आला नव्हता, तो त्या फाईलवरूनच फवारणी करणार आहे.

केळीच्या कांदेबाग हंगामातल्या लागवडीआधीची शिबिरं आता ठरतील. आयोजकांनी वक्त्यांकडून पडद्यावरच्या पीपीटीबरोबर वाटायची वेगळी पीडीएफही आधीच मागून घ्यावी आणि ती एकदा साध्या फोनवर उघडून बघावी, एवढी विनंती.

आपली,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव